सोलापुरात सीएसएसएलपीचा क्लास: पिग्मीचा रविवार वसूल, बाकीचं बघून घ्या

जुळे सोलापुरातल्या एका क्लासमध्ये यंदा उन्हाळ्यात सीएसएसएलपी या प्रोग्रॅमर लोकांसाठीच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची वीकेंड बॅच केली. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडं कडू लिहायचंय आणि मालक ओळखीतले आहेत. सोलापुरात सगळेच ओळखीतले असतात म्हणा. ज्यांना गरज आहे त्यांना क्लास सापडेल. सुरक्षित सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटचं प्रमाणपत्र शिकवणारे आपल्याकडे काही गल्लोगल्ली बसलेले नाहीत.

मी दहा-अकरा वर्षं कोड लिहितेय. आमची कंपनी छोटी. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचं स्टॉक आणि बिलिंग, शिवाय पतसंस्था आणि नागरी बँकांची लहानमोठी अॅप्स, हा धंदा. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, "जीएसटीचं रिटर्न यातून निघतं का?" हल्ली बँकेकडून ऑडिटरची यादी येते: लॉग १८० दिवस ठेवता का, काही घडलं तर सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवणार कोण. सर्ट-इनचे एप्रिल २०२२ चे निर्देश आले तेव्हापासून ही यादी वाढतच चाललीय. म्हणून आमच्या साहेबांनी दोघांची फी भरली. फी कंपनीची होती हे आधीच सांगते, कारण माझ्या खिशातून गेली असती तर हा रिव्ह्यू इतक्या शांतपणे लिहून झाला नसता.

तर खर्चाचं बोलू. क्लासची फी चाळीस हजारांच्या घरात. परीक्षेचे ५९९ डॉलर वेगळे, म्हणजे कर धरून पन्नास हजारांच्या वर, आणि ते थेट हे प्रमाणपत्र देणाऱ्या आयएससी टू या संस्थेला जातात. पास झाल्यावर दर वर्षी शंभर डॉलरच्या वर देखभाल शुल्क, आणि तीन वर्षांत ९० गुण भरतील इतकं शिक्षण चालू ठेवायचं. काउंटरवर यातलं पहिलंच वाक्य सांगतात. बाकीचं वेबसाइटवर वाचून घ्यावं लागतं.

आणि इथंच माझी मोठी तक्रार आहे. आमच्या बॅचमध्ये चार-पाच पोरं नुकतीच इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेली. त्यांना प्रवेश देताना "हे सर्टिफिकेट केलं की पुण्यात पॅकेज पक्कं" असं सांगितलेलं. अहो, सीएसएसएलपी पूर्ण मिळायला सॉफ्टवेअरच्या कामाचा चार वर्षांचा पगारी अनुभव लागतो, संबंधित पदवी असेल तर तीन. अनुभव नसताना पेपर पास झालात तर 'असोसिएट' म्हणून राहता, आणि अनुभव भरायला पाच वर्षं मिळतात. हा मार्ग वाईट नाही, पण तो फी घ्यायच्या आधी सांगायला हवा. त्यातल्या एकाला हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. तो म्हणाला, "काय बे, मग आमी कशाला बसलोय इथं?" उत्तर द्यायला काउंटरवरचं कोणी वर्गात नव्हतं.

आता चांगलं. शिकवणारे सर पुण्याचे. शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं यायचे, रविवारी दिवसभर शिकवायचे. शनिवारचे तास क्लासचेच एक सर घ्यायचे. ते पुस्तक वाचून दाखवायचे, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. पुण्याच्या सरांचा मात्र एक रविवार असा झाला की त्या एका दिवसासाठी मी हा क्लास दुसऱ्याला सुचवेन.

विषय होता थ्रेट मॉडेलिंग, म्हणजे प्रणालीचं चित्र काढून धोका कुठून येईल ते आधीच शोधणं. सरांनी प्रोजेक्टर बंद केला आणि विचारलं, "इथं पिग्मीचं काम कोण करतं?" तिघांनी हात वर केले. मग फळ्यावर पिग्मी एजंट काढला. चाटी गल्लीत दुकानोदुकानी फिरणारा, हातात मोबाइल, कमरेला ब्लूटूथ प्रिंटर. रक्कम टाकतो, पावती फाडून देतो, रेंज नसेल तर नोंदी मोबाइलमध्येच राहतात आणि संध्याकाळी पतसंस्थेत पोचल्यावर सर्व्हरवर चढतात. सरांनी मोबाइल आणि सर्व्हरच्या मधे एक तुटक रेघ मारली. या रेघेच्या अलीकडचं, म्हणजे मोबाइलकडून आलेलं, काहीही सर्व्हरनं तपासल्याशिवाय खरं मानायचं नाही, म्हणाले.

मग स्ट्राइड. मायक्रोसॉफ्टमध्ये १९९९ साली मांडलेली ही पद्धत. धोक्यांचे सहा प्रकार घ्यायचे आणि चित्रातल्या प्रत्येक बाणाला एकेक लावून बघायचा. पुस्तकात हे सहा शब्द मी आधीही वाचले होते. पिग्मीवर लावल्यावर वर्ग पेटला. एका पतसंस्थेत आयटी बघणारे काका आमच्यात होते, ते म्हणाले, "सर, एजंट घरी झोपलाय आणि मोबाइल घेऊन त्याचा पोरगा फिरतोय, मग?" झाला पहिला प्रकार, दुसऱ्याच्या नावानं वावरणं. पावती पाचशेची फाडली आणि सर्व्हरवर चढायच्या आधी मोबाइलमधल्या नोंदीत पन्नास केले, हा दुसरा. दुकानदार म्हणतो पाचशे दिले, एजंट म्हणतो पन्नासच घेतले, आणि संस्थेकडे दोघांपैकी कोणाचाच पुरावा नाही, हा तिसरा. यावर काका बराच वेळ बोलत होते, त्यांच्याकडे असले किस्से पोतंभर निघाले. मोबाइल हरवला तर अख्ख्या गल्लीच्या शिल्लक रकमा त्यात उघड्या. महिनाअखेरीस सगळे एजंट एकाच वेळी डेटा चढवतात आणि सर्व्हर बसतो. आणि शेवटचा: एजंटच्याच लॉगिननं मॅनेजरसाठी असलेली विनंती पाठवली तर सर्व्हर नाही म्हणतो का?

जेवणानंतर उपाय. प्रत्येक पावतीला क्रमांक हवा, म्हणजे रेंज तुटून तीच नोंद पुन्हा चढली तर सर्व्हर दुसरी नाकारेल आणि मधली गाळली तर फट दिसेल. ठेवीदाराला एसएमएस जायचा तो सर्व्हरवरून, एजंटच्या मोबाइलवरून नाही. मोबाइलमध्ये फक्त आजच्या फेरीची खाती, तीही एन्क्रिप्ट करून. आणि कुठली खाती दाखवायची हे सर्व्हरनं लॉगिनवरून ठरवायचं, मोबाइलनं पाठवलेल्या एजंट क्रमांकावरून कधीच नाही. हे शेवटचं चुकलं की होते ती ब्रोकन अॅक्सेस कंट्रोल, म्हणजे ज्याला जे बघायचा हक्क नाही ते त्याला दिसणं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या त्रुटींच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर बसलेली. त्या यादीचं पोस्टर आमच्या ऑफिसात भिंतीवर लावलेलं आहे. पोस्टरखाली बसून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या तुटक रेघेनं कळलं.

त्याच दिवशी सरांनी कॉसमॉस बँकेचं प्रकरणही घेतलं. ऑगस्ट २०१८, ११ आणि १३ तारीख, ९४ कोटी. हल्लेखोरांनी एटीएमचा स्विच (एटीएमच्या विनंत्या बँकेकडे नेणारी यंत्रणा) आणि कोअर बँकिंग यांच्या मधे आपला खोटा स्विच घुसवला आणि क्लोन केलेल्या कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले. खात्यात रक्कम आहे का हा प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हता. बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली. पण फळ्यावर तीच तुटक रेघ पुन्हा मारून "इथं कोणी कोणावर विश्वास ठेवला?" असं विचारल्यावर वर्गात कोणी मोबाइल बघत नव्हतं.

यानंतर लॅबबद्दल लिहायला जीवावर येतं. कोडिंगचा भाग म्हणजे जावातलं एक जुनं लॉगिन पान, त्यात एसक्यूएल इंजेक्शन करून (नाव-पासवर्डच्या चौकटीतून डेटाबेसला आपली आज्ञा घुसवून) दाखवायचं आणि मग प्रिपेअर्ड स्टेटमेंटनं, म्हणजे आज्ञा आणि माहिती वेगळी ठेवून, ते बंद करायचं. अर्धी बॅच डॉटनेट आणि पीएचपीवाली, त्यांनी काय करायचं? मशीन इतकी संथ की जूस शॉप उघडेपर्यंत चहा पिऊन येता यायचं. हे जूस शॉप आणि वेबगोट म्हणजे मुद्दाम त्रुटी ठेवलेली सरावाची अॅप्स, दोन्ही ओवास्पची, फुकट. घरी लॅपटॉपवर चालवा, चाळीस हजार देऊन ती बघायला जाऊ नका. एक गोष्ट मात्र कामाची झाली: ओवास्पचंच डिपेंडन्सी-चेक आपापल्या प्रोजेक्टवर चालवायला सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत मोठी त्रुटी सापडली त्या गोंधळाची आठवण अजून ताजी असताना, आपण कोणाच्या किती लायब्ऱ्या पोटात घेऊन फिरतोय याची यादी समोर आली. सर्ट-इननं ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या अशाच यादीबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्यात, म्हणजे ही यादी उद्या गिऱ्हाईक मागणारच.

मग ती पीडीएफ. परीक्षेच्या तोंडावर क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "खरे प्रश्न, कोणाला देऊ नका" म्हणून एक फाइल आली. पुण्याच्या सरांनी रविवारी आल्या आल्या ती सगळ्यांना डिलीट करायला लावली. परीक्षेला बसताना गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते आणि आयएससी टूची आचारसंहिता आहे. चोरीचे प्रश्न पाठ करून सुरक्षेचं प्रमाणपत्र घ्यायचं हे कोणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे. फाइल टाकणारा नंबर क्लासचाच होता. यावर मालकांशी बोलले. ते हसले आणि चहा मागवला.

परीक्षेसाठी मी पुण्यातलं केंद्र घेतलं. १२५ प्रश्न, तीन तास, हजारात ७०० लागतात. तळहाताच्या शिरांचं स्कॅन करतात, घड्याळसुद्धा बाहेर ठेवायला लावतात. पेपरमध्ये कोड जवळजवळ नसतो. आठ विभाग आहेत. सगळ्यात जास्त, १५ टक्के, आर्किटेक्चर आणि डिझाइनला, सगळ्यात कमी, १० टक्के, सप्लाय चेनला, म्हणजे बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरला. प्रश्न बहुतेक "आधी काय कराल" या घाटाचे. प्रोग्रॅमरचा हात दुरुस्तीकडे धावतो आणि पेपरला हवं असतं की आधी गरज काय, जोखीम किती, निर्णय कोणाचा हे बघा. त्या दृष्टीनं शनिवारचं पुस्तकवाचन अगदीच वाया गेलं असं म्हणत नाही, पण ते घरी बसून झालं असतं. पास झालात तर हातात पडलेल्या कागदावर गुण नसतात, फक्त पास. नंतर कोणा जुन्या प्रमाणपत्रधारकानं तुमच्या अनुभवाची खातरजमा करावी लागते, त्यात काही आठवडे जातात. सोलापुरात असा माणूस शोधण्यापेक्षा आयएससी टूलाच खातरजमा करायला सांगता येतं, तेच सोपं पडतं.

क्लासची जागा ठीक. एसी दुपारी दमतो, इन्व्हर्टर आहे, खाली दुचाकी लावायला जागा आहे. मे महिन्यात दुपारच्या सुट्टीत बाहेर पडायची हिंमत होत नाही, डबा आणा. आमच्या वर्गात कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर पुण्याच्या सरांचा सगळ्यात जास्त डल्ला असायचा.

पाचपैकी तीन तारे. पतसंस्था, बँक किंवा कारखान्याचं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सांभाळत असाल आणि फी कंपनी भरत असेल तर जा. नुकतेच पास झालेल्यांनी आधी दोन-तीन वर्षं कुठं तरी काम करा, तोवर वेबगोट आहेच. आणि पैसे भरायच्या आधी रविवारचे तास पुण्याचे सरच घेणार आहेत का, हे फोन करून नाव घेऊन विचारा. काउंटरवर नुसतं "कोण शिकवतं?" विचारलंत तर "सीनियर फॅकल्टी आहेत" एवढंच उत्तर मिळतं, आणि शनिवारवाले सरसुद्धा सीनियरच आहेत.