पॉवरलाइन अ‍ॅडाप्टर: खोक्यावरचे ६०० आणि भिंतीतली वायर

घरातल्या विजेच्या वायरीतूनच इंटरनेट एका खोलीतून दुसरीकडे नेणाऱ्या या जोडीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ६०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) छापलेले आहे, पण आतल्या दोन्ही अ‍ॅडाप्टरना दिलेले लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल जोडण्याच्या जागा, १०० एमबीपीएसचे आहेत. म्हणजे घरातले वायरिंग कितीही उत्तम असले, तरी संगणकापर्यंत शंभराच्या पलीकडे काही पोचणार नाही. ही बाब खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक टायपात दिलेली असते, त्यामुळे त्याला फसवणूक म्हणता येत नाही एवढेच. तरीही दगडी भिंतींच्या जुन्या घरात, जिथे वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही आणि भिंत फोडून केबल टाकण्याची घरच्यांची तयारी नसते, तिथे या जोडीचा विचार करायला हरकत नाही. मात्र विकत घेण्यापूर्वी आपल्या घरातल्या विजेची प्रकृती जाणून घ्यावी.

तत्त्व सोपे आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर काही मेगाहर्ट्झचा क्षीण संकेत चढवायचा आणि दुसऱ्या टोकाला तो उतरवून घ्यायचा. अशा अ‍ॅडाप्टरसाठीच्या होमप्लग एव्ही या मानकात सुमारे २ ते ३० मेगाहर्ट्झचा पट्टा १,१५५ बारीक वाहकांत, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वेगवेगळ्या वारंवारतांत, विभागलेला असतो. त्यांपैकी ९१७ वापरात असतात आणि उरलेले प्रामुख्याने हौशी रेडिओ केंद्रांना त्रास होऊ नये म्हणून बंद ठेवलेले असतात. ज्या वाहकावर गोंगाट कमी त्यावर जास्त माहिती आणि ज्यावर जास्त त्यावर कमी, अशी वाटणी अ‍ॅडाप्टर सतत बदलत राहतो. ही रचना खरोखर हुशारीची आहे.

अडचण वायरीत आहे. आमच्याकडे थ्री फेज जोडणी आहे आणि खालचा व वरचा मजला वेगवेगळ्या फेजवर आहेत. पहिल्या जोडणीत वेग दहा-बारा एमबीपीएसच्या वर जाईना, कारण संकेत एका फेजवरून दुसऱ्या फेजवर केवळ वायरी जवळून गेल्यामुळे जेवढा झिरपेल तेवढाच जात होता. वायरमनने दोन्ही सॉकेट एका फेजवर आणून दिल्यावर वेग ऐंशीच्या आसपास स्थिरावला. माहितीपत्रकात फेजचा उल्लेख एका ओळीपुरताही नाही. ज्या घरांत एक फेज गेली की चेंजओव्हर फिरवून दुसरी घेण्याची सोय असते, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण तो खटका फिरवला की इंटरनेटचा वेगही बदलू शकतो.

याहून रोचक भाग विजेच्या गुणवत्तेचा आहे. स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जर यांच्या आतल्या स्विचिंग सर्किटला पुरेसा फिल्टर नसेल, तर त्यांचा उच्च वारंवारतेचा गोंगाट थेट वायरीत येतो. पंख्याचा जुना, गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक अर्धलहर मध्येच कापतो, त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा झटके उठतात. पायऱ्यांचे, कपॅसिटरवर चालणारे रेग्युलेटर या बाबतीत सौम्य असतात. मिक्सरच्या कार्बन ब्रशमधल्या ठिणग्यांचा परिणाम तर डोळ्यांनी दिसतो: खाली चटणी वाटायला घेतली की वर चाललेल्या व्हिडिओ कॉलमधला चेहरा चौकोनाचौकोनांत फुटतो आणि मिक्सर थांबताच पूर्ववत होतो.

यावर उपाय म्हणून कोणी चांगल्या प्रतीचा स्पाइक बस्टर आणून अ‍ॅडाप्टर त्यात खोचेल, तर काम आणखी बिघडेल. वीज स्वच्छ करण्यासाठी फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बसवलेला कपॅसिटर मेगाहर्ट्झमधल्या प्रत्येक गोष्टीला गोंगाटच समजतो आणि आपला संकेतही गिळून टाकतो. निकृष्ट उपकरण संकेतावर ओरडते, उत्तम उपकरण त्याला मुकाट्याने खाऊन टाकते, असा हा पेच आहे. वीजगुणवत्ता राखणे आणि त्याच तारेवरून संवाद साधणे ही दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात, आणि संशोधकांना या विषयात एवढा रस का आहे, हे घरातल्या एका एक्स्टेंशन बोर्डावरही कळते. म्हणून अ‍ॅडाप्टर नेहमी भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावावा. संगणक आणि चार्जर त्या अ‍ॅडाप्टरवरच्या सॉकेटला जोडावेत, कारण तिथे फिल्टर अशा बाजूला बसवलेला असतो की उपकरणाचा गोंगाट वायरीपर्यंत पोचत नाही. ज्या मॉडेलमध्ये असे सॉकेट नाही, ते थोडे स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

वीज गेल्यावर ही जोडी चालू राहावी असे वाटत असेल, तर दोन्ही सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत. एकच असून उपयोग नाही. संकेत मीटरपाशी थांबेलच असे नाही, तो शेजाऱ्यांच्या वायरीतही जाऊ शकतो, त्यामुळे पेअरचे बटण दाबून १२८ बिटांची स्वतंत्र सांकेतिक किल्ली तयार करून घेणे टाळू नये. अ‍ॅडाप्टरजवळ ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्ह लावल्यास खरखर ऐकू येते, मीडियम वेव्हवर मात्र फरक जाणवला नाही.

पाचपैकी तीन तारे. एक तारा खोक्यावरच्या आकड्यासाठी कापला आणि दुसरा फेजबद्दल मौन पाळणाऱ्या माहितीपत्रकासाठी. बिल जपून ठेवावे आणि परत करण्याची मुदत असेपर्यंत संध्याकाळी, घरातले सगळे दिवे आणि पंखे चालू असताना, वेग तपासून घ्यावा. दुपारच्या शांत वेळी मिळणारा आकडा ग्राह्य धरू नये.