गल्फ कोस्ट क्लेम्स फॅसिलिटी : झटपट भरपाई आणि हक्कसोडपत्र

‘गल्फ कोस्ट क्लेम्स फॅसिलिटी’ या तेलगळतीच्या भरपाई सेवेने साधारण दीड वर्षात सुमारे २ लाख २० हजार दावेदारांना ६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली. तिचे परीक्षण ती वापरणाऱ्याच्या बाजूने व्हायला हवे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि समुद्रतळावरील विहिरीतून पुढे ८७ दिवस तेल वाहत राहिले. विहीर बीपी कंपनीची होती. अमेरिकेच्या १९९० च्या तेलप्रदूषण कायद्यानुसार अशा विहिरीच्या जबाबदार कंपनीवर सफाईखर्चाखेरीज ७.५ कोटी डॉलरपर्यंतच भरपाईचा बोजा येत असे. परंतु बीपीने ती मर्यादा आड आणली नाही आणि व्हाइट हाउसशी झालेल्या बोलण्यांनंतर २० अब्ज डॉलरचा निधी उभा करण्याचे मान्य केले. त्यातून व्यक्ती व व्यवसायांना भरपाई देण्यासाठी ऑगस्ट २०१० मध्ये ही सेवा सुरू झाली आणि तिची सूत्रे केनेथ फाइनबर्ग यांच्याकडे आली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील पीडितांचा निधीही त्यांनीच सांभाळला होता.

सेवेची जमेची बाजू म्हणजे तिचा वेग, आणि तो खरा होता. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडले, त्यानंतर १९९४ मध्ये ज्यूरीने ५ अब्ज डॉलरचा दंडात्मक निवाडा दिला. अपिलांमागून अपिले होत २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो आकडा ५०.७५ कोटींवर आला, आणि तोवर अनेक दावेदार हयात राहिले नव्हते. होडीचा हप्ता थकलेल्या मच्छीमाराला पहिला धनादेश त्याच हंगामात मिळणे ही या पार्श्वभूमीवर मोठीच गोष्ट होती. सेवेचे कौतुक करावे ते इथे, आणि हात आखडता न घेता करावे.

सुरुवातीचा तातडीच्या मदतीचा टप्पा संपल्यावर दावेदारापुढे तीन वाटा ठेवण्यात आल्या. अंतरिम भरपाईत झालेल्या नुकसानाचे कागद दर तिमाहीला सादर करायचे होते आणि दावा लावण्याचा हक्क शाबूत राहत होता. अंतिम भरपाईत एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडायचा होता. तिसरी वाट झटपट भरपाईची होती : आधी तातडीची मदत मिळालेली असेल तर नवा कागद न जोडता व्यक्तीला ५,००० आणि व्यवसायाला २५,००० डॉलर मिळत. त्यासाठी मात्र बीपी व या दुर्घटनेतील इतर कंपन्यांवर पुढे दावा न लावण्याचे हक्कसोडपत्र लिहून द्यावे लागे. एक लाखाहून अधिक दावेदार याच वाटेने गेले. त्यांना अविचारी ठरवणे अन्यायाचे होईल. लुइझियानाच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या होडीवरील खलाशाला मालक अनेकदा रोख पैसे देतो, आणि व्हिएतनामी वंशाच्या मच्छीमार कुटुंबांत घरी खाण्यापुरता व नातलगांत वाटण्यापुरता ठेवलेला मासा कोणत्याच वहीत चढत नाही. जमाखर्चाची वही मागणाऱ्या खिडकीपुढे अशा माणसाने तिमाहीमागून तिमाही उभे राहायचे, की ५,००० डॉलर घेऊन मोकळे व्हायचे? सेवेची रचनाच त्याला दुसऱ्या उत्तराकडे ढकलत होती.

माझा मुख्य आक्षेप अंतिम भरपाईच्या गणितावर आहे. फेब्रुवारी २०११ च्या नियमांनुसार सर्वसाधारण दावेदाराला २०१० मधील सिद्ध झालेल्या नुकसानाच्या दुप्पट, तर कालवे (ऑयस्टर हे शिंपले) काढणाऱ्यांना चौपट रक्कम देऊ करण्यात आली. आखाताचा बहुतेक भाग २०१२ च्या अखेरीपर्यंत सावरेल, कालवांना अधिक काळ लागेल, या सेवेनेच मागवलेल्या एका सागरी जीवशास्त्रज्ञाच्या अंदाजावर हे गुणक आधारलेले होते. विहीर बंद होऊन जेमतेम सात महिने झाले असताना समुद्राचे भविष्य दोन आणि चार या आकड्यांत बसवले गेले, आणि त्यावर सही करणारा कायमचा बांधला गेला. ‘एक्झॉन व्हाल्डेझ’चे तेल जिथे सांडले, त्या अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये हेरिंग माशांची संख्या कोसळली ती १९९३ मध्ये, म्हणजे गळतीनंतर चार वर्षांनी. त्यामागे तेलाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत मतभेद असले, तरी नुकसान हिशेबाच्या तारखेनंतरही उजेडात येऊ शकते, हे माहीत असलेल्यांनीच हे नियम लिहिले होते.

पुढे आखातातही तेच दिसले. तेलाचा जाड थर बसलेल्या लुइझियानाच्या बॅराटारिया उपसागरात शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये डॉल्फिन पकडून तपासले, तेव्हा अनेकांना फुफ्फुसांचे गंभीर विकार आढळले. पुढील पाहणीत तेथील दहा गाभण माद्यांपैकी दोघींचीच पिल्ले जगल्याचे दिसले. कालवांवर तर दुहेरी घाव बसला. तेल किनाऱ्यापासून दूर लोटण्यासाठी मिसिसिपी नदीचे गोडे पाणी खाड्यांत सोडण्यात आले आणि खारेपणा घटल्याने कालवे जागच्या जागी मेली. हा बचावाच्या उपायाने केलेला घात होता आणि त्याची झळ एका हंगामापुरती राहिली नाही.

निःपक्षपातीपणाबाबतही सेवा उणी ठरते. फाइनबर्ग यांच्या फर्मला बीपीकडून दरमहा ८.५ लाख डॉलर मिळत होते, ही रक्कम पुढे वाढली. फाइनबर्ग यांनी स्वतःला बीपीपासून पूर्णपणे स्वतंत्र म्हणवू नये, असा आदेश या गळतीचे खटले चालवणारे न्यायाधीश कार्ल बार्बिए यांना फेब्रुवारी २०११ मध्ये द्यावा लागला. नंतर झालेल्या स्वतंत्र तपासणीत सुमारे ७,३०० दावेदारांना चुकीने नकार किंवा कमी रक्कम दिल्याचे निघाले आणि त्यांना ६.४ कोटी डॉलर जादा देण्यात आले. एकूण दाव्यांच्या मानाने ही संख्या लहान आहे, हे मान्य करायला हवे.

२०१२ मध्ये या सेवेची जागा न्यायालयाच्या देखरेखीखालील भरपाई कार्यक्रमाने घेतली. तो संथ होता. त्याचे निकष इतके सैल आहेत की नुकसान न झालेल्या व्यवसायांनाही पैसे मिळतात, अशी तक्रार करत बीपी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि तिथे तिची दाद लागली नाही. २०१४ मध्ये बार्बिए यांनी बीपीचा घोर निष्काळजीपणा ठरवून ६७ टक्के दोष तिच्याकडे दिला, परंतु झटपट भरपाई घेतलेल्यांना त्या निकालाचा काही उपयोग उरला नव्हता. २०१६ मध्ये केंद्र सरकार व आखाताकाठच्या पाच राज्यांनी २० अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तडजोड केली, तेव्हा पुढे उघडकीस येऊ शकणाऱ्या अज्ञात पर्यावरणीय हानीसाठी ७० कोटी डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद करून घेतली. असे एक कलम ५,००० डॉलरच्या हक्कसोडपत्रातही असते, तर या सेवेला मी पाचपैकी चार गुण दिले असते. आता अडीच देतो, आणि त्यातले दोन वेगाचे आहेत.