यादवी युद्धातील सैन्यवाहू जहाजे : सरकारी कागदपत्रांच्या खंडांचा वापरानंतरचा अनुभव

अमेरिकी यादवी युद्धाच्या सरकारी कागदपत्रांचे स्कॅन केलेले खंड मी गेले काही महिने नियमित वाचत आहे. सैन्याची ने-आण करणाऱ्या जहाजांविषयी इतके अस्सल साहित्य घरबसल्या, विनामूल्य मिळते याचे मला अजूनही अप्रूप वाटते. मात्र जहाजांचा विषय म्हणून केवळ नौदलाचे खंड उघडणाऱ्याच्या हाती फार थोडे लागेल. त्यांत युद्धनौका आणि नाकेबंदी यांचा तपशील भरपूर आहे. परंतु सैनिक, घोडे, चारा आणि तोफा वाहणारी बहुतेक जहाजे माँटगोमेरी मेग्ज यांच्या अखत्यारीतील लष्करी क्वार्टरमास्टर (रसद व वाहतूक) खात्याने खासगी मालकांकडून भाड्याने घेतलेली असल्यामुळे त्यांचा हिशेब लष्कराच्या खंडांत आहे.

लष्कराच्या खंडांच्या पहिल्या मालिकेचा पाचवा खंड यासाठी अवश्य वाचावा. मार्च १८६२ मध्ये उत्तरेचे सेनापती मॅक्लेलन यांची सेना अलेक्झांड्रियाहून व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील फोर्ट मन्रो या किल्ल्याकडे निघाली, त्याविषयी सहायक युद्धमंत्री जॉन टकर यांनी दिलेल्या अहवालात १,२१,५०० माणसे, १४,५९२ जनावरे आणि १,१५० गाड्यांची नोंद आहे. त्यासाठी ११३ आगबोटी, १८८ स्कूनर (शिडाची जहाजे) आणि अनेक बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नावा) लागले. आगबोटीचे रोजचे भाडे सरासरी २१५ डॉलर, तर स्कूनरचे सुमारे २४ डॉलर पडले. एवढ्या मोहिमेत नुकसान झाले ते आठ खेचरांचे आणि वादळात किनाऱ्यावर आदळलेल्या नऊ बार्जचे, आणि त्या बार्जवरील मालही वाचला. माझ्या मते या युद्धाच्या व्यवस्थापनाविषयी इतका बोलका कागद विरळा.

शोधसुविधा मात्र भरवशाची नाही. तिरप्या अक्षरांत छापलेली जहाजांची नावे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे खंडाअखेरची सूची पाहूनच पान गाठावे लागते. वाचण्यास सर्वांत जड गेला तो ४८ व्या खंडाचा पहिला भाग. २७ एप्रिल १८६५ च्या पहाटे मिसिसिपी नदीत मेम्फिसजवळ बाष्पकांच्या (बॉयलरच्या) स्फोटाने बुडालेल्या ‘सुल्ताना’विषयीचे अहवाल त्यात आहेत. ३७६ प्रवाशांची परवानगी असलेल्या त्या आगबोटीवर दक्षिणेच्या कैदेतून सुटलेले सैनिक मिळून दोन हजारांहून अधिक माणसे चढवली होती. व्हिक्सबर्ग या नदीकाठच्या बंदरात इतकी माणसे एकाच बोटीवर कोणाच्या हुकमाने गेली, याविषयीचे अधिकाऱ्यांचे जबाब सलग वाचावेत. एकेक जबाब सुटा वाचल्यास जबाबदारी कशी एकमेकांकडे सरकवली गेली हे लक्षात येत नाही.