गोब्बी की बास्तियानिनी: पहिला ‘रिगोलेत्तो’ कुणाचा घ्यावा?

पुण्यातल्या माझ्या एका मित्राने निवृत्तीनंतर ऑपेराचा नाद लावून घेतला आहे. आयुष्यभर किराणा घराणं आणि नाट्यसंगीत ऐकलेला कान, त्यामुळे त्याचे प्रश्न नवख्याचे नसतात. परवा फोनवर म्हणाला, ‘‘रिगोलेत्तोचे दोन संच समोर आहेत. एक तितो गोब्बीचा, एक एत्तोरे बास्तियानिनीचा. दोन्ही घेतले तर बायको मला घराबाहेर काढेल. तू काय केलं होतंस?’’

मी दोन्ही घेतले होते. पण त्यातला एकच झिजला आहे.

‘रिगोलेत्तो’ हा वेर्दीचा ऑपेरा; ड्यूकच्या दरबारातला विदूषक रिगोलेत्तो आणि त्याची मुलगी यांची गोष्ट. गोब्बी आणि बास्तियानिनी हे त्या विदूषकाची भूमिका गाणारे. गोब्बीचा संच १९५५चा, मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहातला, वाद्यवृंद-संचालक सेराफिनच्या हाताखालचा. सोबत मुलगी मारिया कॅलस आणि ड्यूक दि स्तेफानो. बास्तियानिनीचा १९६०चा, फ्लोरेन्सचा, संचालक गावाझ्झेनीचा. त्यात त्याच भूमिकांत स्कोत्तो आणि क्राऊस. पहिला मोनो, दुसरा स्टिरिओ. आवाजाची सफाई दुसऱ्यात जास्त आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

बास्तियानिनीपासून सुरुवात करतो, कारण पहिल्यांदा ऐकणारा त्याच्याच प्रेमात पडतो. मीही पडलो होतो. सिएनाचा हा माणूस रंगमंचावर आला तो बास म्हणून, म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीचा पुरुष गायक. १९४५ साली रावेन्नात ‘ला बोहेम’मधला कोल्लिने गायला. काही वर्षांनी लक्षात आलं की गळा वर जातोय, आणि १९५२मध्ये आपल्याच गावात ‘त्राव्हियाता’मधला बाप जेर्मोंत गाऊन तो बॅरिटोन झाला, म्हणजे बासहून वरच्या पट्टीचा. ही बासची पूर्वतयारी आवाजात कायम राहिली. खर्जाला पाया पक्का, म्हणून वरचा सूर लावताना कुठे ताण नाही. आपल्याकडे ‘गोलाई’ म्हणतात ती अशी. १९५५ साली ला स्कालात व्हिस्कोंतीने बसवलेल्या ‘त्राव्हियाता’त कॅलससमोर बाप म्हणून हाच उभा होता. केवळ वेर्दी गाणारा, असंही कुणी म्हणू नये. १९५३ला फ्लोरेन्समध्ये प्रोकोफिएव्हच्या ‘वॉर अँड पीस’मधला प्रिन्स आंद्रेई त्याने केला आहे. पुढे घशाच्या कर्करोगाने गाठलं. आजार लपवून तो गात राहिला आणि १९६७च्या जानेवारीत चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. हे कळल्यापासून त्याच्याबद्दल वावगं बोलताना माझी जीभ अडखळते. तरी थोडं बोलणार आहे.

गोब्बीचा गळा तसा नाही. वरचे सूर आवळल्यासारखे येतात, कधीकधी कोरडे पडतात. रिगोलेत्तो दरबाऱ्यांवर संतापतो त्या ‘कोर्तिज्यानी’ गाण्यात एकदोन ठिकाणी तर ओरडल्यासारखं वाटतं. मित्राने हेच कारण पुढे केलं आणि त्यात तथ्य आहे. पण या माणसाची कारकीर्द जरा बघा. पादुआत कायदा शिकायला गेलेला मुलगा, १९३५ला गुब्बियोत पहिल्यांदा रंगमंचावर. १९४२ साली ला स्कालात पदार्पण, ‘लेलिझिर दामोरे’मधला फुशारक्या मारणारा सार्जंट बेल्कोरे. त्याच वर्षी रोममध्ये आल्बान बेर्गचा ‘वोत्झेक’, इटलीतला पहिला प्रयोग. ऐन युद्धात, जर्मनीत नाझींनी बंदी घातलेलं संगीत. बेल्कोरे आणि वोत्झेक दोघंही लष्करातलेच, पण एक मिशीला पीळ भरणारा आणि दुसरा अधिकाऱ्यांची दाढी करता करता वेडाकडे सरकणारा. गाणाऱ्याने एका वर्षात हा पल्ला गाठायचा म्हणजे नुसता गळा तयार असून भागत नाही.

पुढची यादी भराभर सांगतो. १९४८च्या ‘पाल्याच्ची’ चित्रपटात त्याने तोनिओ आणि सिल्व्हिओ अशा दोन्ही भूमिका केल्या, म्हणजे चक्क डबल रोल. १९५६च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये ‘तोस्का’मधला खलनायक स्कार्पिया म्हणून आला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये संचालक कारायानबरोबर ‘फाल्स्टाफ’ ध्वनिमुद्रित केला. क्रूर पोलीसप्रमुख आणि ढेरपोट्या, कर्जबाजारी, लोभस म्हातारा, एकाच माणसाच्या तोंडून. रंगभूषा स्वतःची स्वतः करायचा, चित्रकलेचा हात होता. शंभराच्या आसपास भूमिका भरतात. १९६४ला कॉव्हेंट गार्डनमधल्या ‘तोस्का’चा दुसरा अंक कॅलससह चित्रित झालेला आहे. त्यात गाणं बंद असताना तो काय करतो तेवढंच एकदा बघा.

याउलट १९५८ला नेपल्समध्ये चित्रित झालेल्या ‘ला फोर्त्झा देल देस्तिनो’त बास्तियानिनी बघितला की वाटतं, हा उभा राहिला आहे आणि आवाज आपोआप येतो आहे. वाईट दिसत नाही. रुबाबदार दिसतो. पण तो सूडाने पेटलेला भाऊ असतो तेव्हाही रुबाबदारच दिसतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा निकाल लागला ती.

दुसरा अंक. रिगोलेत्तोच्या मुलीला रात्री पळवून नेलं आहे. तो दरबारात येतो, काही झालंच नाही असं दाखवत, गुणगुणत: ‘ला रा, ला रा, ला रा’. शब्द नाहीतच, आपल्या तराण्यासारखे निरर्थक बोल. दरबारी हसताहेत, आणि हा गुणगुणत गुणगुणत कोपरे शोधतो आहे. मेजावर रुमाल दिसतो. उचलतो, बघतो आणि स्वतःशीच म्हणतो, ‘‘नोन ए इल सुओ’’, तिचा नाही. पुन्हा ‘ला रा’.

बास्तियानिनीचा ‘ला रा’ सुरेख आहे. आणि तोच माझा वैताग. पहिल्या वेळी मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. दुसऱ्या वेळी हेडफोन लावला. तिसऱ्या वेळी सोबत संहिता धरली. दरवेळी तेच: चाल गोड, सूर भरलेला, आणि बापाचा पत्ता नाही. ज्या आवाजात तो पहिल्या अंकात मुलीला जवळ घेतो त्याच आवाजात इथे तिला शोधतो. मला अस्वस्थ व्हायचं होतं आणि मी मजेत मान डोलावत होतो. एकदा हे खुपायला लागल्यावर प्रत्येक वेळी तिथेच खुपतं, दातात अडकलेल्या सुपारीसारखं.

शेवटी आईवर प्रयोग केला. आई संगीत नाटकं उभ्या पडद्यापासून भैरवीपर्यंत पाहिलेली, इटालियनचा गंध नाही. दुपारी वाल सोलत बसली होती. काही न सांगता आधी बास्तियानिनी लावला. म्हणाली, ‘‘छान आहे. कुठल्या जत्रेला निघालाय?’’ मग गोब्बी. थोडा वेळ काही बोलली नाही. रुमालाच्या जागी मान वर करून म्हणाली, ‘‘ह्याचं काहीतरी हरवलंय का रे?’’

आता हे काही शास्त्रशुद्ध नाही. आई त्या दिवशी वालाला वैतागलेली असेल, किंवा दुसऱ्यांदा तेच ऐकल्यामुळे तिचं लक्ष जास्त गेलं असेल. पण तिने जे पकडलं ते खरंच गोब्बीच्या आवाजात आहे. त्याचा ‘ला रा’ आधी पोकळ येतो, मग मध्येच किंचित घाईचा होतो, जणू ओठ गाताहेत आणि डोळे दुसरीकडे आहेत. पुढे ‘कोर्तिज्यानी’चा संताप फुटतो तेव्हा तो ओरडल्यासारखा वाटला तरी मला चालतं, कारण लगेच तो मारुल्लो या एकट्या दरबाऱ्याकडे वळतो आणि आवाज एकदम लहान होतो, उसने पैसे मागणाऱ्या माणसाचा होतो. त्यानंतर चेलोच्या साथीने सगळ्यांची करुणा भाकतो. तीन पायऱ्या, तिन्ही वेगळ्या. आपल्याकडे बोलअंगाने गाणारे शब्दाला जसं वळवून वळवून दाखवतात, तसंच काहीसं.

गोब्बीवर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. सलग ऐकला की थकवतो. प्रत्येक ओळीत काहीतरी घडत असतं, नुसतं रेलून ऐकता येत नाही. रविवारी सकाळी चहा घेताना मी तो लावत नाही. तेव्हा बास्तियानिनीचा १९६२चा ‘इल त्रोवातोरे’ लावतो, त्यातला काउंट दि लूना हा गळ्याच्या ऐश्वर्याचाच मामला आहे आणि तिथे मला दुसरं कुणी नको असतं. म्हणजे ज्यांना मुळात आवाज ऐकायला आवडतो, नाटक नंतर बघू म्हणतात, त्यांनी बास्तियानिनी घेतला तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. शिवाय क्राऊसचा ड्यूक त्या संचात आहे, आणि तो दि स्तेफानोपेक्षा नेटका आहे.

पण माझा मित्र केशवराव भोसले आणि बालगंधर्वांवरून रात्र रात्र वाद घालणाऱ्या घरात वाढला आहे. पद म्हणताना नट पात्रातून बाहेर आला की त्याला लगेच कळतं. म्हणून त्याला सांगितलं, पहिल्या अंकापासून ऐकूच नकोस. दोन्हींतला दुसरा अंक लाव, रिगोलेत्तोच्या प्रवेशापासून चेलो थांबेपर्यंत. जेमतेम दहा मिनिटं. डोळे मिटून, एकामागून एक. त्यानंतरही बास्तियानिनीच घ्यावासा वाटला तर बिनधास्त घे. आणि गोब्बीचा संच तुझ्या दुकानदाराकडे उरला असेल तर मला कळव, माझी दुसरी सीडी नेमकी ‘ला रा’वरच अडकायला लागली आहे.