मेरी पंचायत अ‍ॅप आणि ई-ग्रामस्वराज : सोयाबीन पेरणीपासून हरभरा निघेपर्यंतचा वापर

ग्रामपंचायतीत कोणत्या कामाला किती पैसे आले, त्यातले किती गेले, हे आता सरपंचाच्या मागे न फिरता पाहता येतं. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं ई-ग्रामस्वराज पोर्टल 24 एप्रिल 2020 ला सुरू झालं. तिथलीच माहिती 'मेरी पंचायत' अ‍ॅपमध्ये मोबाइलला सोयीची करून दिली आहे. पूर्ण हंगाम दोन्ही वापरल्यावरचं मत असं, की ग्रामसभेत कागद घेऊन उभं राहणाऱ्याच्या हातात हे फार कामाचं आहे. नुसते स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकले तर भांडणं तेवढी वाढतात.

पहिली अडचण येते ती आपलं गाव शोधताना. विदर्भात गट ग्रामपंचायती भरपूर. तुमचं गाव लहान असेल तर त्याच्या नावाने काहीच निघणार नाही, ज्या गावाच्या नावावर पंचायत आहे ते निवडावं लागतं. एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द दोन्ही असले की चूक हमखास होते, त्यात स्पेलिंग इंग्रजीत आणि तेही कसंही. एकदा बरोबर पंचायत सापडली की तिचा एलजीडी कोड (प्रत्येक पंचायतीला सरकारने दिलेला वेगळा क्रमांक) वहीत लिहून ठेवा. वर्ष निवडतानाही लक्ष असू द्या. हिशेब एप्रिल ते मार्चचा असतो, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये चालू वर्ष उघडलं तर बहुतेक रकाने रिकामे दिसतात. लोकांना वाटतं, माहिती लपवली. मागचं वर्ष उघडा, सगळं दिसेल.

मंजूर कामांच्या यादीत रक्कम दिसते, ती अंदाजाची. तेवढा पैसा खर्च झाला असा तिचा अर्थ नाही. पंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात कामं नेहमीच निधीपेक्षा जास्त धरलेली असतात, उरलेली पुढच्या वर्षात ढकलली जातात. खरा खर्च पाहायचा तर जमा-खर्चाच्या भागात जाऊन व्हाउचर पाहा : नंबर, तारीख, रक्कम, कोणत्या योजनेतून. वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या निधीचं देयक सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल सहीनेच जातं. म्हणून एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर ते मान्य करायचं कारण नाही.

15 व्या वित्त आयोगाचे (2020-21 ते 2025-26) आकडे वाचायचे तर वाटणी माहीत पाहिजे. महाराष्ट्रात या निधीचा 80 टक्के भाग ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला, 10 टक्के जिल्हा परिषदेला. 2021-22 पासून त्यातला 60 टक्के बंधित : निम्मा पिण्याच्या पाण्यावर, निम्मा स्वच्छतेवर. बाकी 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही. म्हणजे या निधीतून पंचायतीला 5 लाख आले तर 3 लाख पाणी आणि स्वच्छतेलाच जातात. स्मशानशेड किंवा गावातला रोड उरलेल्या 2 लाखांतच बसवावा लागतो. हे गणित ठाऊक असलेल्याला सभेत गप्प बसवता येत नाही.

आता सगळ्यात मोठी उणीव. गावात दिसणारं प्रत्येक काम इथे दिसत नाही. आमदार निधी, 2515 (राज्याचा ग्रामविकास निधी), जनसुविधा योजना, जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस निधी, यांची कामं बहुतेक वेळा दुसऱ्याच यंत्रणेच्या खात्यातून होतात. रोजगार हमीची कामं, त्यात पांदण रस्तेही आले, त्यांच्या वेगळ्या संकेतस्थळावर असतात. नवा रोड झाला, अ‍ॅपवर नाही, म्हणजे पैसा खाल्ला, असा आरोप करण्याआधी कामाचा फलक वाचा आणि योजना कोणती ते पाहा. फलकच लावला नसेल तर पहिली तक्रार त्याचीच करा. खोटा आरोप एकदा अंगावर आला की पुढचा खरा प्रश्नही कोणी ऐकून घेत नाही.

अ‍ॅपमध्ये नोंदणी करून काम सुचवता येतं, फोटोसह तक्रारही करता येते. नाली तुंबली, हातपंप बंद, दिवा गेला, अशा गोष्टींना ठीक. नवीन कामासाठी मात्र अ‍ॅपवरच्या सूचनेच्या भरवशावर राहू नका. तोच मजकूर कागदावर लिहा, दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आराखड्याला मान्यता ग्रामसभा देते, आणि ठरावाच्या वहीत न आलेली मागणी पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही. ग्रामपंचायत पातळीवरचा पाच दिवसांचा हवामान अंदाजही ऑक्टोबर 2024 पासून अ‍ॅपवर मिळतो, फवारणी ठरवायला तो पाहून घ्यावा.

काम मोजणं हा सगळ्यात उपयोगी भाग, आणि त्यासाठी अ‍ॅपच्या बाहेर यावं लागतं. समजा अंदाजपत्रकात सिमेंट रोड 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 0.15 मीटर जाड आहे. काँक्रीट झालं 45 घनमीटर. जागेवर जाडी 0.10 भरली तर ते 30 च होतं, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. जाडी मोजायची ती कडेला मुरूम भरण्याआधी, चार-पाच ठिकाणी, टेपसह फोटो काढून. साइडपट्टी भरली की काठ दिसत नाही आणि मग फोडल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. नालीत दोन बादल्या पाणी ओतून पाहा. उतार नीट नसेल तर पाणी मध्येच थांबतं, पावसाळ्यात तिथेच गाळ धरतो.

अंदाजपत्रक आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, अ‍ॅपवर मिळत नाहीत. त्यासाठी माहितीचा अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ), प्रतींना पानामागे 2 रुपये, मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आतला लागतो. म्हणून 'पाच वर्षांची सगळी कामं' असं लिहू नका. एका कामाचं नाव, वर्ष आणि व्हाउचर नंबर लिहून अंदाजपत्रक, एमबी आणि देयकाची प्रत मागा. इथे अ‍ॅपवरून उतरवलेला व्हाउचर नंबर कामी येतो, कारण 'कागद सापडत नाही' म्हणायला जागा उरत नाही. उत्तर आलं नाही तर 20 रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे : अमरावती विभागाला अमरावती खंडपीठ, नागपूर विभागाला नागपूर.

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघाली पाहिजे. अ‍ॅपवर ती टाकली जाईलच असं नाही, त्यामुळे नोटीस बोर्ड आणि मुनादीकडे कान ठेवा. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. 500 मतदारांच्या गावाला 75 माणसं लागतात. रागाने उठून जाऊन सभा मोडणं हा आपल्याकडचा जुना प्रकार, पण तो उलटा पडतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग मोजक्या लोकांत सगळं मंजूर होतं. बसून राहा, विरोध वहीत लिहून घ्या.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी. सकाळी 11 ची सभा ठेवली की शेतमजूर बाया वावरात आणि खुर्च्यांवर ठरावीक दहा माणसं. म्हणून सभा संध्याकाळी सहानंतर ठेवावी आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हावी, अशी लेखी मागणी 15 ऑगस्टच्या सभेतच देऊन पोच घ्या. 2 ऑक्टोबरला जाताना मागच्या वर्षाची मंजूर यादी छापून न्या आणि न झालेल्या कामांवर पेनाने खूण करून ठेवा.