जाड मुठीचा, मान वळणारा चमचा: आधी घास कुठे सांडतो ते बघा

रबरी जाड मूठ आणि हवी तशी वळवता येणारी मान (मूठ आणि घास घेण्याचा भाग जोडणारी दांडी), असा हा जेवणाचा चमचा ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारात, नेहमी सुचवला जातो. वस्तू चांगली आहे, पण सगळ्या हातांना चालणारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या आयसीएफ वर्गीकरणात, म्हणजे शरीराची कार्यं आणि रोजच्या कृती यांच्या सांकेतिक यादीत, खाणं ही एकच कृती आहे, संकेत डी ५५०. तिच्यामागे सांध्यांची हालचाल (बी ७१०), स्नायूंची ताकद (बी ७३०), अनैच्छिक हालचाली (बी ७६५) अशी वेगवेगळी शरीरकार्यं असतात. हा चमचा मुख्यतः पहिल्या दोहोंत साथ देतो.

मूठ साधारण तीन सेंटिमीटर जाड, त्यामुळे बोटं पुरती मिटावी लागत नाहीत. संधिवाताने आखडलेल्या बोटांना इथे खरा आराम मिळतो. बोटं बधिर असतील तर मात्र चमचा मुठीत फिरतो आणि ते कळतही नाही.

उजव्या हाताने जेवणाऱ्यासाठी चमच्याची मान डावीकडे, तोंडाच्या बाजूला वळवायची. मनगटाला न जमणारं वळण मग चमचाच देतो. एकदा कोन जमला की तसाच ठेवा. सारखी वाकवली की मान तिथेच तडकते.

घेण्याआधी एक अख्खं जेवण बारकाईने बघा: चमचा भरणं, उचलणं, तोंडाशी नेणं, ओठांनी घास काढून घेणं. भरतानाच अन्न काठावरून बाहेर जात असेल, तर आधी उभ्या काठाचं ताट आणि खाली न घसरणारी चटई आणा. चमचा वाटेत कलंडत असेल, तर वळलेली मान कामाला येते. खांद्यातूनच हात उचलत नसेल, तर कोपराला टेबलाचा आधार द्या. अशा हाताला वजनदार मुठीचा प्रकार देणं चूकच, खांदा आणखी दमतो. हात थरथरत असेल तर तो प्रकार सुचवतात. काहींचा हात स्थिरावतो, काहींचा नाही. दोन घासांवरून ठरवू नका, दमणूक जेवणाच्या शेवटी दिसते.

ओठ नीट मिटत नसतील तर खोलगट चमच्यात घास राहून जातो, उथळ घ्या. चमचा करकचून चावणाऱ्या मुलाला धातूचा देऊच नका. घासागणिक खोकला येत असेल, तर चमचा राहू दे, आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

मुठीच्या खाचांत अन्न अडकतं. निघत असेल तर मूठ काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.