ब्रेन कनेक्टिव्हिटी टूलबॉक्स: फुकट, नेटका आणि अजिबात न टोकणारा

मेंदूतल्या जाळ्यांवर काम सुरू केलं की कधी ना कधी बीसीटी उतरवून घ्यावाच लागतो. पूर्ण नाव ब्रेन कनेक्टिव्हिटी टूलबॉक्स, म्हणजे मेंदूच्या भागांमधल्या जोडण्यांचं जाळं मोजणाऱ्या फंक्शनांचा संच. मिकाइल रुबिनोव्ह आणि ओलाफ स्पॉर्न्स यांचा त्यावरचा लेख २०१० साली ‘न्यूरोइमेज’मध्ये आला. मूळ टूलबॉक्स मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरसाठीचा आहे. तो फुकट आहे, मॅटलॅब नाही. संस्थेकडे परवाना नसेल तर त्याची पायथनमधली आवृत्ती, बीसीटीपाय, सरळ घ्यावी.

बसवण्यात काही नाही. झिप उघडायची, फोल्डर मॅटलॅबच्या पाथमध्ये टाकायचा, झालं. खिडकी नाही, बटणं नाहीत, मेंदूची रंगीत चित्रंही नाहीत. आणि हा टूलबॉक्स स्कॅनला हातसुद्धा लावत नाही. डोकं हलल्याची दुरुस्ती, श्वासाचा आणि नाडीचा गोंगाट काढणं, मेंदूचे भाग पाडणं हे सगळं आधी दुसरीकडे उरकून यायचं. याला लागतं फक्त एक चौकोनी मॅट्रिक्स: जितके भाग तितक्या ओळी, तितकेच स्तंभ, आणि प्रत्येक घरात त्या दोन भागांतल्या जोडणीचा आकडा. मेंदूचे २०० भाग पाडणाऱ्या शेफरच्या नकाशावर काम असेल तर मॅट्रिक्स २०० गुणिले २००, म्हणजे १९,९०० वेगवेगळ्या जोड्या. तो आकडा एफएमआरआयच्या (मेंदूतली सक्रियता टिपणारा स्कॅन) सिग्नलमधलं कोरिलेशन (दोन भागांचे चढ-उतार किती जुळतात) आहे की ट्रॅक्टोग्राफीतल्या (स्कॅनवरून काढलेल्या मज्जातंतूंच्या वाटा) धाग्यांची मोजणी, हे टूलबॉक्सला कळत नाही. तो विचारतही नाही. त्याचा गुण तो हाच आणि सगळे घोळही इथूनच सुरू होतात.

गुण आधी. प्रत्येक मोजमापाची वेगळी छोटी फाइल आहे. उघडली की वीस-तीस ओळींत पूर्ण सूत्र समोर. नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांत अर्धी माहिती असते: बी म्हणजे जोडणी आहे किंवा नाही एवढंच, डब्ल्यू म्हणजे जोडणीला वजन, म्हणजे ताकदीचा आकडा, आहे, यू म्हणजे दिशा नाही, डी म्हणजे दिशा आहे. ‘क्लस्टरिंग कोएफ डब्ल्यूयू’ (एखाद्या भागाचे शेजारी आपसात किती जोडलेत याचं माप) दिसलं की वजनदार, बिनदिशेच्या जाळ्यासाठी आहे हे समजायचं. फाइलच्या माथ्यावरची टीप मात्र वाचायचीच. याच फंक्शनच्या टिपेत लिहिलंय की वजनं ० ते १ मध्ये हवीत. ट्रॅक्टोग्राफीचे ४५० किंवा १,२०० असे कच्चे आकडे तसेच दिलेत तरी उत्तर येतं, लाल अक्षरांत काही उमटत नाही. आधी ‘वेट कन्व्हर्जन’ फंक्शनला नॉर्मलाइझ सांगून सगळ्यांना सर्वांत मोठ्या वजनाने भागून घ्यायचं.

सर्वांत जास्त माणसं पडतात ती अंतराच्या खड्ड्यात. ‘डिस्टन्स वेई’ (दोन भागांमधलं अंतर) आणि ‘बिटवीननेस वेई’ (एका भागावरून किती जवळचे रस्ते जातात) यांना जोडणीचं वजन नको असतं, लांबी हवी असते. वजन जितकं जास्त तितकं अंतर कमी, म्हणून साधारणपणे १ भागिले वजन. तीनच नोड (जाळ्यातले बिंदू, इथे मेंदूचे भाग) घेऊन बघा: अ–ब ०.८, ब–क ०.८, अ–क ०.२. लांबी काढली तर अ–ब १.२५, ब–क १.२५ आणि अ–क सरळ ५. म्हणजे अ कडून क कडे जायचा जवळचा रस्ता ब वरून, एकूण २.५. आता तेच मॅट्रिक्स न उलटवता दिलं तर सरळ रस्ता ०.२ चा आणि ब वरून १.६ चा ठरतो. सर्वांत कमकुवत जोडणी हमरस्ता झाली, ब चं महत्त्व शून्यावर आलं, आणि टूलबॉक्स गप्प. गंमत म्हणजे ‘एफिशियन्सी वेई’ला (अंतरांच्या व्यस्तांची सरासरी) वजनच द्यायचं असतं, उलटवण्याचं काम ते आतल्या आत करतं. तिथे लांबी दिलीत की पुन्हा उलटं. ही विसंगती जुनी आहे आणि नव्या माणसावर अन्याय करणारी आहे.

‘चारपाथ’ सरासरी अंतर काढतं. कमकुवत जोडण्या काढून जाळं विरळ केल्यावर एखादा नोड सुटा पडला तर त्याचं अंतर अनंत, आणि मूळ सेटिंगमध्ये अनंत धरूनच सरासरी काढली जाते. उत्तरात ‘इन्फ’ दिसलं की पुष्कळ जण अनंत वगळण्याचा पर्याय निवडतात आणि पुढे जातात. तुटकं जाळं मग अखंड जाळ्यापेक्षा ‘जवळचं’ दिसू लागतं, कारण न पोचणाऱ्या जोड्या हिशेबातूनच गेल्या. त्यापेक्षा एफिशियन्सी वापरावी. तिथे अनंताचा व्यस्त शून्य धरला जातो, तुटलेल्याची किंमत मोजली जाते.

‘वेट कन्व्हर्जन’मधला ‘ऑटोफिक्स’ हा पर्याय सोयीचा वाटतो आणि आहेही. कर्ण (प्रत्येक भागाची स्वतःशीच जोडणी) शून्य करतो, बारीकसारीक असममिती काढतो, ‘नॅन’ (आकडाच नाही अशी घरं) आणि ‘इन्फ’ पुसून तिथे शून्य ठेवतो. कोरिलेशनचं फिशर रूपांतर (१ जवळचे आकडे ताणणारं सूत्र) केलं की कर्णावर अनंत येतोच, तेवढ्यापुरता तो उत्तम. पण कपाळामागच्या खालच्या भागात, हवेच्या पोकळ्यांजवळ, एफएमआरआयचा सिग्नल उडतो. तिथल्या एखाद्या भागाची अख्खी ओळ ‘नॅन’ आली असेल तर ऑटोफिक्सनंतर तो भाग ‘कुणाशीच न जोडलेला’ म्हणून निमूट बसून राहतो. आधी ‘नॅन’ किती आणि कुठे आहेत ते मोजावं, मग झाडू मारावा.

थ्रेशहोल्डबद्दल, म्हणजे कोणत्या जोड्या ठेवायच्या त्या मर्यादेबद्दल, थोडं सविस्तर, कारण रुग्ण आणि निरोगी गटांची तुलना इथेच बिघडते. ‘थ्रेशहोल्ड प्रपोर्शनल’ला ०.१ सांगितलं की सर्वांत वजनदार १० टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात १,९९० जोड्या उरतात. सगळ्यांचं जाळं सारख्या दाटीचं झालं, तुलना न्याय्य झाली असं वाटतं. समजा, रुग्णगटाचं एकूण कोरिलेशनच कमी आहे. निरोगी माणसाच्या १,९९० जोड्या ०.४ च्या वरच भरतील, रुग्णाच्या भरायला ०.२ पर्यंत खाली यावं लागेल. त्या खालच्या जोड्यांत गोंगाट जास्त, म्हणून त्याचं जाळं अधिक ‘यादृच्छिक’ दिसतं: क्लस्टरिंग कमी, एफिशियन्सी जास्त. तो जाळ्याच्या रचनेतला फरक नसतो, सरासरी कोरिलेशनचाच फरक दुसऱ्या वेषात आलेला असतो. म्हणून प्रत्येक व्यक्तीचं सरासरी कोरिलेशन गटांमध्ये आधी ताडून पाहावं आणि निकाल एकाच दाटीवर न देता ५ ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात द्यावा. डोक्याच्या हालचालीचंही तेच. मिलिमीटरच्या अंशाएवढी हालचालसुद्धा जवळच्या भागांतलं कोरिलेशन फुगवते आणि लांबच्यांतलं खाली आणते, हे २०१२ पासून अनेक अभ्यासांत दिसलंय. कच्चा माल असा असेल तर बीसीटी त्यावर अतिशय अचूक गणित करून देईल!

मॉड्यूल, म्हणजे आपसात दाट जोडलेल्या नोडांचे गट, पाडायला ‘कम्युनिटी लुवेन’. हे दर वेळी नोड वेगळ्या क्रमाने घेतं, त्यामुळे उत्तर दर वेळी थोडं वेगळं. एकदा चालवून आलेले सात गट छापून टाकणं चूक. १०० वेळा चालवा, ‘अ‍ॅग्रीमेंट’ने कोणत्या दोन नोडांची किती वेळा संगत जमली ते मोजा, त्या आकड्यांना १०० ने भागा आणि मग सगळ्यांतून एकच विभागणी काढणाऱ्या ‘कन्सेन्सस यूएनडी’कडे द्या. भागायचं राहिलं तर ०.४ चा टाऊ (ज्याखालचे आकडे कापायचे ती मर्यादा) पहिल्या फेरीत काहीच कापत नाही, कारण ३७ किंवा ९२ हे सगळे त्याच्या वरच. ऋण कोरिलेशन ठेवली असतील तर लुवेन मात्र तोंड उघडतं, ‘निगेटिव्ह सिम’ किंवा ‘निगेटिव्ह असिम’ निवडा म्हणतं. गॅमा मूळचा १ असतो. तो वाढवला की गट लहान आणि जास्त. कुठला गॅमा खरा हे टूलबॉक्स सांगणार नाही. दोन-तीन गॅमांवर गट टिकतात का ते बघावं.

हब (जाळ्यातले मध्यवर्ती नोड) शोधताना नुसत्या डिग्रीवर, म्हणजे जोडण्यांच्या संख्येवर, जाऊ नये. कोरिलेशनच्या जाळ्यात मोठ्या मॉड्यूलमधला नोड आपसूकच जास्त जोडलेला दिसतो. ‘पार्टिसिपेशन कोएफ’ (नोडच्या जोडण्या वेगवेगळ्या मॉड्यूलांत किती विखुरल्यात) बरं, पण त्याची वरची मर्यादा मॉड्यूलच्या संख्येवर ठरते: सात असतील तर १ वजा १/७, म्हणजे ०.८५७; चार असतील तर ०.७५. वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळे मॉड्यूल पाडून हे आकडे शेजारी ठेवले तर तुलना फसते. सर्वांना एकच विभागणी लावावी.

राहिलं बीसीटीपाय. बहुतेक फंक्शनं तीच, पण उत्तर दर वेळी तंतोतंत तेच येईल असं धरू नये. क्लस्टरिंगच्या सूत्रात वजनाचं घनमूळ आहे. ऋण वजनाचं घनमूळ मॅटलॅब काल्पनिक भागासकट देतो, बीसीटीपाय साधी ऋण संख्या देतो. दोन सहकारी दोन भाषांत काम करत असतील तर पहिल्याच दिवशी वरचं तीन नोडांचं मॅट्रिक्स दोघांनी चालवून पाहावं, एकदा सगळी वजनं धन ठेवून आणि एकदा अ–क उणे ०.२ करून. कागदावर तपासायला पाच मिनिटं लागतात.